क्वेश्चन बँकेत नसलेली बाई

आत्या,

काल विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं. सगळे चांगलंच बोलले. माणूस गेल्यावर चांगलंच बोलतात, आणि आपल्या कॉलनीच्या हातात माईक आला की मग बघायलाच नको. एक काका म्हणाले, बाई फार शांत स्वभावाच्या होत्या. दुसरे म्हणाले, मनमिळाऊ होत्या. तू आणि मनमिळाऊ! जिने अंबडच्या कंपनीत, तपासणी खात्यात, एकतीस वर्षं दुसऱ्यांनी केलेलं काम नापास केलं, ती कसली मनमिळाऊ? मी पप्पांकडे बघितलं. ते मान खाली घालून बसले होते, खांदे हलत होते, आणि त्या क्षणी ते रडत नव्हते हे फक्त मलाच कळत होतं. थोरल्या बहिणीचा मार त्यांनी लहानपणी पोटभर खाल्लेला आहे.

मग मला बोलावलं. मी माईकपर्यंत गेले, जयभीम म्हटलं आणि परत येऊन बसले. लोकांना वाटलं, पोरगी गहिवरली. गहिवरले होतेच, पण त्याहून जास्त मला राग आला होता. तुझ्यावर. तो अजून उतरलेला नाही. आणि रागाच्या खाली जे आहे त्याला काय म्हणायचं ते मला नीट कळत नाही. उंच इमारतीच्या पायथ्याशी उभं राहून वर बघितल्यावर मानेला जे होतं, तसं काहीतरी. माईकवर हे कसं सांगणार? म्हणून इथे लिहिते आहे.

सहा वर्षं किर्गिझस्तानात डॉक्टरकी शिकून मी परत आले, तो दिवस आठव. चौकात माझा फ्लेक्स लागला होता, नावाआधी ठळक अक्षरांत डॉक्टर. पप्पा छाती काढून चालले होते. तू रिक्षा थांबवायला लावलीस, फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचलास आणि म्हणालीस, "हिची परीक्षा राहिलीये ना अजून? मग तपासायच्या आधीच शिक्का कशाला मारलाय?" मला इतका संताप आला होता की तुझ्यासाठी आणलेली शाल मी दोन दिवस बॅगेतच ठेवली.

पण तुझं बरोबर होतं. परदेशात शिकून आलेल्याला इथे परवान्याची परीक्षा द्यावी लागते, ती पास झाली की इंटर्नशिप, आणि मगच डॉक्टर म्हणवून घ्यायचं. तीनशे प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, निम्मे बरोबर आले की सुटका. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या वेळी मला एकशे एकतीस पडले. दुसऱ्या वेळी एकशे बेचाळीस. चौकातला फ्लेक्स उन्हाने फिका पडला, तरी कोणी काढला नाही, आणि मी पलीकडच्या गल्लीने जाऊ लागले.

गंमत म्हणजे मोबाईलवरच्या क्वेश्चन बँकेत मी वाघीण होते. हजारो सरावाचे प्रश्न, बरोबर आलं की हिरवं, चुकलं की लाल. माझं सगळं हिरवंगार. शंभरात ऐंशी, पंच्याऐंशी. आमच्यासोबत शिकून आलेले सगळेच हे करत होते. दिवसाला किती प्रश्न सोडवले यावर आमच्यात पैजा लागत. म्हणून दुसऱ्यांदा नापास झाल्यावर मी पेपरवर खापर फोडलं. पेपर मुद्दाम अवघड काढतात, कम्प्युटर हळू होता, एसीने डोकं दुखत होतं. तू भाजी निवडत ऐकून घेतलंस. मला वाटलं, आता नाचता येईना अंगण वाकडं म्हणशील. तू म्हणालीस, "सरावात पंच्याऐंशी आणि खऱ्यात निम्मे पण नाय. म्हणजे दोघांतलं एक खोटं बोलतंय. आपण सरावालाच तपासू."

त्या दिवशी तू मला गेजची गोष्ट सांगितलीस. तुम्ही भोकाचं माप बघायला एक टणक पोलादी दांडी वापरायचा, तिलाच गेज म्हणायचं. ती भोकात गेली पाहिजे, नाही गेली तर पीस नापास. एकदा महिनाभर एकही पीस नापास झाला नाही. सुपरवायझर खूश, साहेब खूश, मिठाई वाटली. मग गिऱ्हाइकाकडून अख्खा माल परत आला, कारण त्यांची पिन त्या भोकात बसत नव्हती. दांडी वापरून वापरून झिजली होती. झिजलेली दांडी बारीक भोकातही जाते. "सगळेच पास व्हायला लागले ना सुजे, की पीस बघायचा नाय. गेज बघायचं," तू म्हणालीस. "मी तेव्हा नवी होते. मिठाई मी पण खाल्ली होती."

मी म्हटलं, आत्या, हे लोखंड नाही, मेडिकल आहे. तू दहावी शिकलेली, तुला काय कळणार, हे मी म्हटलं नाही, पण तुला ऐकू आलं असणार. तुझे कान तसलेच होते.

माझ्या डोक्यात वेगळाच उपाय होता. परीक्षा झाली की पोरं आठवतील ते प्रश्न लिहून ग्रुपवर टाकतात. तोच खरा पेपर, पुढच्या वेळी त्यातलेच फिरून येतात असं सगळे म्हणायचे. मी ती फाईल मिळवली आणि तुला मोठ्या आनंदाने दाखवली. म्हटलं, चल, बँकेतले आणि खरे शेजारी शेजारी ठेवून बघू. तू विचारलंस, "पेपरला बसताना काही लिहून घेतात का तुमच्याकडून?" मी सहज सांगितलं, हो, प्रश्न बाहेर सांगणार नाही असं कबूल करून घेतात, पण ते कोण पाळतं. तू फोन उलटा करून पलंगावर ठेवलास. "कबूल केलंय ना? मग पंचशीलातलं चौथं काय विहारापुरतं म्हणायचं असतं? खोटं बोलून डॉक्टर झालीस तर मी तुझ्याकडून साधी गोळी घेणार नाय."

भांडण झालं. मी म्हटलं, सगळे करतात. तू म्हणालीस, सगळे नापासही होतात. आणि मग, मी रुसून बसलेली असताना, तू असं काही विचारलंस की आजही आठवलं तरी मी थक्क होते. "मला प्रश्न सांगू नको. कसे होते ते सांग. लांब होते का आखूड? त्यात माणूस होता का नुसता रोग होता? वाचताना तू शेवटपर्यंत गेलीस का मधेच उत्तर दाबलंस?" मी विचार करायला लागले. दोन वर्षं या परीक्षेने माझं डोकं खाल्लं होतं आणि हे मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. खरे प्रश्न लांब होते. त्यांत माणूस होता. आणि मधेच, दुसऱ्या ओळीतच, मी उत्तर दाबत होते.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तू माझा फोन हातात घेतलास आणि दुसऱ्या हातात स्टीलची पट्टी, कंपनीतून निवृत्त होताना आणलेली. म्हणालीस, चल, मी विचारते. तुझं इंग्रजी म्हणजे कंपनीतल्या ड्रॉइंगवरचं इंग्रजी, अक्षराला अक्षर जोडून वाचायचीस. मे-थो-ट्रे-क्सेट. औषधांची नावं तू अशी वाचायचीस की कंपनीतले सुटे भाग वाटावेत. तू चार पर्याय वाचलेस, मी झटकन म्हटलं, सी. पुढचे चार. ए. पुढचे. डी. आपण चाळीस प्रश्न केले आणि माझे एकतीस बरोबर आले. मी कॉलर ताठ करून म्हटलं, बघ, आहे ना तयारी? तू पट्टी उचललीस. पट्टीखाली प्रश्न होता. तू चाळीसच्या चाळीस प्रश्न झाकून ठेवले होते. वाचले होते फक्त पर्याय. आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं की मला प्रश्न विचारलाच गेलेला नाही.

"पोरी," तू हळूच म्हणालीस, "तू पेशंट बघितलाच नाहीस आणि औषध दिलंस."

मला रडू फुटलं. तू समजूत काढली नाहीस. तो तुझा प्रांत नव्हता. चहा ठेवलास. मी रडत होते ती नापास झाले म्हणून नव्हे. मला इतके दिवस वाटत होतं की मला रोग ओळखता येतात. मला फक्त प्रश्न ओळखता येत होते, चार पर्यायांच्या चेहऱ्यांवरून. माझ्या वर्गातल्या हुशार पोरांच्या, मोठमोठ्या क्लासच्या सरांच्या जे ध्यानात आलं नाही, ते सातपूरच्या दोन खोल्यांत बसून एका दहावी पास बाईने एका पट्टीने अर्ध्या तासात शोधून काढलं होतं. मी तुझ्याकडे बघत राहिले. तू विचारलंस, साखर कमी पडली का?

मग आपली शाळा सुरू झाली. रोज दुपारी, तुझी झोप मोडून. तुझा पहिला नियम, बरोबर उत्तर सांगितलं की संपलं नाही. "हे बसतं ते कळलं. ते तीन का बसत नाहीत ते सांग." आणि ते मराठीत सांगायचं, तुला पटेल असं. तू सहजासहजी पटवून घेणारी बाई नव्हतीस. थायरॉइडचा एक प्रश्न आपला तीन दिवस चालला. इतके दिवस जे मला येतं असं वाटत होतं, ते तुला सांगायला गेलं की माझी त-त-प-प व्हायची, आणि मग मला पुस्तक उघडायला लागायचं.

दुसरा नियम तू नंतर काढलास, आणि तो तर अफाटच होता. बँकेतला प्रश्न तू आधी मनाशी वाचायचीस, अडलेला शब्द मला न दाखवता डिक्शनरीत बघायचीस, आणि मग तो तुझ्या भाषेत विचारायचीस. बँकेतले पेशंट मोठे शहाणे असतात ना. ते येतात तेच रोगाचं ठरलेलं विशेषण घेऊन. भाताच्या पेजेसारखे जुलाब म्हटलं की कॉलरा, संपला विषय. तू म्हणालीस, "असं कोण सांगतं गं दवाखान्यात? माणूस म्हणतो, लय कसंतरी होतंय." आणि तुझे पेशंट तसेच यायचे. कसंतरी होतंय म्हणत, निम्मं विसरून, नको ते आधी सांगत. मी त्यांना ओळखेनाशी झाले. हिरवंगार संपलं. पहिल्या आठवड्यात दहातले चारसुद्धा बरोबर येत नव्हते.

एकदा तू विचारलंस, "बाप्या, पन्नास-पंचावन्नचा. शिफ्ट सुटली, सायकल स्टँडवर येऊन खाली बसला. म्हणतो, सकाळी मिसळ खाल्ली, ॲसिडिटी झालीये, सोडा पितो. कपाळ ओलं. सांग." मी म्हटलं, ॲसिडिटी. तू म्हणालीस, "मेला तो." मी हसले. तू हसली नाहीस. "खरंच मेला. आमच्या पॅकिंगमधला होता. मीच सोडा आणून दिला होता." बँकेत तो प्रश्न दोन ओळींचा होता: छातीत दुखतं, डाव्या हातात कळ जाते. तो मी झोपेतही सोडवला असता. तुझा तो माणूस मात्र मी सोडा पाजून घरी पाठवला होता.

तेव्हा मला कळलं की तुझे पेशंट तू बनवत नव्हतीस. एकतीस वर्षांत कंपनीत, कॉलनीत, एस.टी.त जी जी माणसं दुखलीखुपली ती तुला पाठ होती, आणि बँकेतल्या प्रत्येक प्रश्नाला तू त्यांतलं एक माणूस बसवत होतीस. इतकी माणसं तू कधी बघून ठेवलीस, आत्या? आम्हाला वाटायचं तू फक्त चुका बघतेस.

मार्चमधली ती दुपार. तू पलंगावर उशीला टेकून बसली होतीस, हातात फोन. म्हणालीस, "बाई. साठीच्या पुढची. दोन घास खाल्ले की पोट भरतं. गॅस झालाय म्हणते, ओवा खाते. हातपाय वाळत चाललेत, पण परकराची नाडी पुरत नाय."

मी आता तयार झाले होते. घाईने उत्तर दाबणारी मी राहिले नव्हते. मी विचारलं, ताप? नाही. कावीळ? नाही. मूलबाळ? नाही. लघवीला सारखं जावं लागतं का? तू जरा थांबून म्हणालीस, हो. मी मांडी ठोकून बसले आणि एकेक पर्याय बाद केला, जठर का नाही, लिव्हर का नाही, पोटाचा टीबी का नाही. म्हटलं, ओव्हरीचा कॅन्सर. आणि शहाणपण उतू चाललं होतं म्हणून पुढचंही सांगितलं, की या बायका फार उशिरा येतात, पोट फुगलं म्हणजे आत सगळीकडे पसरलेलं असतं, मग फारसं हाती राहत नाही.

"हं," तू म्हणालीस आणि अंगठ्याने फोनवर पुढे सरकवलंस. "पुढचा घे."

मला वाटलं होतं, आज आपण काय भारी बोललो.

माझी एक सवय तुला माहीत होती. तू विचारलेल्या प्रश्नाचं मूळ मी दुसऱ्या दिवशी बँकेत शोधायचे आणि त्यावर खूण करायचे. त्या बाईचं मूळ सापडेना. ओव्हरीचे सगळे प्रश्न मला तोंडपाठ होते, तरी एकेक उघडून बघितला. पोटाचे बघितले. ओवा खाणारी, नाडी न पुरणारी बाई कुठल्याच प्रश्नात बसत नव्हती. ज्या पोपटपंचीने मला दोनदा नापास केलं, तीच मला छातीठोकपणे सांगत होती की ही बाई बँकेतली नाही. तेवढ्यात तू गॅलरीतून वाळलेले कपडे घेऊन आत आलीस. पदर सरकला होता, आणि परकराला नाडीची गाठ नव्हती. तिथे मोठी सेफ्टी पिन होती.

मी विचारलं, "आत्या, कालची ती बाई कुठल्या प्रश्नातली?"

"बँकेतली."

"बँकेत नाहीये ती. सगळी बघितली मी."

तू टॉवेलची घडी घातलीस, ती मोडून परत घातलीस. "मग खऱ्या पेपरातली असेल," म्हणालीस.

दिवाळीनंतर सुरू झालं होतं. चार महिने. मी तुझ्यावर ओरडले तशी आयुष्यात कोणावर ओरडले नाही. पप्पा धावत आले, त्यांना वाटलं गॅस लीक झाला. जी बाई केसाएवढा फरक सोडत नव्हती तिने स्वतःचं शरीर चार महिने न तपासता ठेवलं! का नाही गेलीस कोणाकडे? का नाही सांगितलंस? आणि तू अपराध्यासारखी, मी तुला तशी पहिल्यांदाच बघत होते, म्हणालीस, "घरातच डॉक्टर होतीये ना एक. म्हटलं तुझं पास होऊ दे. पहिलं तुलाच दाखवू."

"मग मला दाखवायचं होतं! मी समोरच बसलेली असते रोज!"

"तुला कुठं परवाना होता?"

हे ते भांडण, आत्या, जे संपलं नाही. ज्याला अधिकार नाही त्याने तपासलेला पीस तपासलेला धरत नाहीत, हा तुमच्या खात्याचा नियम. तो तू भाचीला आणि स्वतःच्या पोटाला लावलास. हे कुठलं शहाणपण? एवढ्यासाठी कोणी जीव टांगणीला लावतं? मी नंतर केमोच्या खुर्चीशेजारी बसून, रिक्षात, स्वयंपाकघरात, दहा वेळा विचारलं. दर वेळी तू म्हणालीस, चुकलं. एवढंच. तुझ्या तोंडून "चुकलं" ऐकण्याची माझी सवय नव्हती, आणि ते ऐकून माझं समाधानही होत नव्हतं. चार महिन्यांनी काय फरक पडला असता ते पुस्तकात लिहिलेलं आहे. मला ते पान माहीत आहे. इथे लिहिणार नाही.

आणि तरीही. तुला तोंड उघडून सांगता आलं नाही तेव्हा तू काय केलंस? स्वतःला प्रश्न केलंस आणि माझ्या सरावात घातलंस. त्या प्रश्नात तू एकही खूण लपवली नव्हतीस, एकही खोटी घातली नव्हतीस. मी तुझ्या तोंडावर, मांडी ठोकून, तुझं मरण समजावून सांगितलं आणि तू ते शेवटपर्यंत ऐकून घेतलंस, मधे थांबवलं नाहीस, कारण मी पहिल्यांदाच एक पेशंट नीट तपासत होते. असं माणूस मी पाहिलेलं नाही. इथून पुढे पाहीन असंही वाटत नाही.

ऑपरेशन करण्यासारखं राहिलेलं नव्हतं. केमोचे चार डोस झाले. परीक्षेच्या आठवड्यात पोटातलं पाणी काढायला तुला ॲडमिट केलं होतं, आणि मी म्हटलं, मी पेपर देत नाही. तू म्हणालीस, "इथं बसून काय करणार? सलाईनच्या बाटलीकडे बघणार? ती माझी मी बघते." पप्पांनी मला जवळजवळ ढकलत गाडीत बसवलं.

पेपरात काय होतं ते तुला तेव्हाही सांगितलं नाही, इथेही सांगणार नाही. कबूल करून आले आहे. एवढंच लिहिते की तीनशेपैकी मला जवळजवळ एकही ओळखीचा वाटला नाही आणि मी घाबरले नाही. स्क्रीनवरचं इंग्रजी वाचताना ते मला तुझ्या आवाजात ऐकू येत होतं. प्रत्येक जण आपलं कसंतरी होतंय म्हणत येऊन बसत होता, आणि मी त्याला शेवटच्या ओळीपर्यंत बोलू देत होते. संध्याकाळी वॉर्डात आले तेव्हा तू विचारलंस, कसा होता? म्हटलं, सगळे अनोळखी. "मग बरा गेला असेल," म्हणालीस आणि डोळे मिटलेस.

निकाल लागला तेव्हा तू घरी होतीस. एकशे अठ्ठ्याहत्तर. पप्पा नाचायचेच बाकी होते. फोनवर फोन करत बाहेर गेले. तू मला जवळ बोलावलंस आणि म्हणालीस, "दार लाव. आता बघ मला."

मला कळलं नाही. मग कळलं. म्हटलं, आत्या, इंटर्नशिप राहिलीये, मला अजून काही लिहून देता येत नाही. तू म्हणालीस, "लिहून कोण मागतंय? बघ."

मी हात धुतले. ते गार होते म्हणून एकमेकांवर चोळून गरम केले. आणि तुला तपासलं, पुस्तकात लिहिलंय तसं, काहीही न गाळता. डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या. नखं बघितली. जीभ बघितली. गळ्याजवळच्या गाठी चाचपल्या. पाठीला स्टेथोस्कोप लावला तेव्हा तू न सांगता खोल श्वास घेतलास. खाली उजवीकडे तो ऐकू येत नव्हता. पोटावर हात ठेवला. बोटाने ठोकून पाणी कुठवर आलंय ते बघितलं, तुला कुशीवर वळवून परत बघितलं. पायांवर अंगठा दाबला, खड्डा पडला, तो भरायची वाट बघितली. किती वेळ लागला मला माहीत नाही. तू माझ्या चेहऱ्याकडे नजर लावून होतीस. लहान असताना मी तुला कंपनीतून आल्यावर शाळेची वही दाखवायचे तेव्हा मी तशीच तुझ्याकडे बघत उभी राहायचे.

मी पांघरूण सारखं केलं. तू विचारलंस, "काय निघालं?"

मी म्हटलं, पाणी परत भरलंय, छातीतही आलंय. औषधाने आता थांबत नाहीये.

"किती दिवस?"

समोर पर्याय नव्हते. मला खोटं बोलायचं होतं, आत्या. मनापासून बोलायचं होतं. बरं वाटेल, ताकद येईल, आपण दिवाळीला अमुक करू, असलं सगळं ओठांवर आलं होतं. तू माझ्याकडे बघत होतीस, ज्या नजरेने एकतीस वर्षं तू लोखंडाकडे बघितलंस.

"पंधरा दिवस," मी म्हटलं. "त्याच्या आतही."

तू माझा हात दाबलास आणि बराच वेळ सोडला नाहीस. मग म्हणालीस, "पप्पाला मी सांगते. तू नको सांगू, तो तुझ्यासमोर रडायचा नाय."

त्यानंतर मी रोज सकाळी तुला तपासत होते, आणि रोज मनाशी म्हणत होते की मला अजून काही येत नाही, मी दोनदा नापास झालेली आहे, नवशिकी आहे, माझं चुकू शकतं. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझं उत्तर चुकायला हवं होतं. बाराव्या दिवशी ते बरोबर आलं.